घराच्या संरक्षणासाठी पहिले शस्त्र : ठाणे आणि नवी मुंबईतील रहिवाशांसाठी सविस्तर मार्गदर्शन

घराच्या संरक्षणासाठी शस्त्र घ्यायचे म्हटले की बहुतेकांचा पहिला प्रश्न "कोणते घेऊ?" हाच असतो, आणि परदेशी चित्रफिती पाहिलेल्यांच्या तोंडी ग्लॉक, बेरेटा ही नावे आधीच आलेली असतात. या पिस्तुलांचा नेहमीचा ९ मिमी बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) भारतात प्रतिबंधित गटात मोडतो, त्यामुळे ते पिस्तूल सामान्य नागरिकाला नेहमीच्या परवान्यावर मिळत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी शस्त्रांची आयातही जवळपास बंद आहे. उरते ती मुख्यतः .३२ बोअरची, मोजक्या कारखान्यांतून बाहेर पडणारी देशी रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुले. निवड इतकी आखूड असल्यामुळे मॉडेलचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवतो. घर कसे आहे, परवाना कोणाच्या नावावर असावा, हाताला काय पेलते आणि शस्त्र कोठे ठेवणार, या चार गोष्टी ठरल्या की मॉडेल जवळजवळ आपोआप ठरते.

आधी घराकडे पाहावे

घोडबंदर रोडवरच्या विसाव्या मजल्यावरील सदनिका, बेलापूर किंवा नेरूळमधील सिडकोचे रो-हाउस आणि येऊरच्या पायथ्याशी किंवा पनवेलच्या आसपास असलेला एकटा बंगला, या तीन घरांना असलेला धोका एकसारखा नाही. टोलेजंग संकुलात प्रवेशद्वारावर सुरक्षारक्षक, लिफ्टमध्ये कॅमेरा आणि आत येण्याजाण्याची एकच वाट असते. तेथे भक्कम मुख्य दरवाजा, बाहेरचा जाळीचा लोखंडी दरवाजा, आतून लागणारी साखळी आणि दाराबाहेरचे दिसेल असा व्हिडिओ डोअर फोन यांनी जे साधते, ते शस्त्राने साधत नाही. रो-हाउस आणि बंगल्याचे तसे नसते. तेथे मागचे दार, गच्ची, स्वयंपाकघराची खिडकी आणि कुंपण अशा चार वाटा असतात, आणि शेजारी हाकेच्या अंतरावर असतीलच असे नाही. माझे स्पष्ट मत असे की, दारे-खिडक्या, उजेड आणि कॅमेरे यांची व्यवस्था पूर्ण झाल्याशिवाय शस्त्राच्या अर्जाला हातही लावू नये.

घराच्या भिंतीही याच वेळी पाहून घ्याव्यात. गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या अनेक मनोऱ्यांत मिवान पद्धतीने सगळ्या भिंती काँक्रीटच्याच ओतलेल्या असतात. अशा भिंतीवर आदळलेली गोळी किंवा तिचे तुकडे उलटून येऊ शकतात. जुन्या इमारतींत आतल्या भिंती चार इंची विटांच्या, तर कार्यालयासारखी सजावट केलेल्या घरांत जिप्समच्या असतात. .३२ बोअरची गोळी ताकदीने माफक असली, तरी जिप्समची भिंत आणि साधा फ्लश दरवाजा ती सहज भेदते. मुलांची खोली, आजीचा पलंग आणि शेजाऱ्यांची सामाईक भिंत कोणत्या दिशेला आहे हे कागदावर काढून पाहिले, तर आपल्या घरात गोळी झाडता येईल अशा दिशा फार थोड्या आहेत हे ध्यानात येते. काही घरांत अशी एकही दिशा नसते. त्या घरात शस्त्र आणू नये.

परवाना कोणाच्या नावावर?

या प्रश्नाचा विचार फारच थोडे लोक करतात. शस्त्र परवाना व्यक्तीला मिळतो, कुटुंबाला नाही. पती तुर्भ्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी करतो, परवाना त्याच्या नावावर आहे आणि रात्री घरात पत्नी व सासूबाई असतात, अशा घरात कपाटातले शस्त्र ज्या वेळी हवे, नेमके त्याच वेळी त्याचा कायदेशीर धनी घराबाहेर असतो. त्याने ते घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवून जाणे हा परवान्याच्या अटींचा भंग आहे. म्हणून धोक्याच्या वेळी घरात कोण असते हे आधी पाहावे आणि अर्ज त्याच व्यक्तीने करावा. ती व्यक्ती पत्नी असेल, तर शस्त्रही तिच्याच हाताला बसणारे निवडावे. पुरुषाने दुकानात जाऊन स्वतःच्या हाताने पसंत करून आणू नये.

अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे. घरात मद्यपानाचा, तीव्र नैराश्याचा किंवा सततच्या कौटुंबिक भांडणांचा प्रश्न असेल, तर कायद्याने परवाना मिळत असला तरी अर्ज करू नये. अशा घरात शस्त्राचा धोका चोरापेक्षा घरच्यांनाच अधिक असतो.

अर्जाची वाट

ठाणे, कळवा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागांसाठी ठाणे पोलीस आयुक्त, तर वाशीपासून बेलापूर, खारघर, पनवेल, उरणपर्यंतच्या भागासाठी नवी मुंबई पोलीस आयुक्त हे परवाना देणारे अधिकारी आहेत. आयुक्तालयाबाहेरच्या ग्रामीण भागात हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे असतो. शस्त्र नियम, २०१६ नुसार वैयक्तिक परवान्याचा अर्ज नमुना ए-१ मध्ये करावयाचा असतो. त्यासोबत ओळख, वय आणि निवासाचे पुरावे, शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र द्यावे लागते. शस्त्र हाताळण्याच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षणही नियमांत सांगितले आहे. परवाना मिळाल्यावर त्याला राष्ट्रीय नोंदीतला स्वतंत्र ओळख क्रमांक असतो.

सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे कारण. "आजकाल चोऱ्या वाढल्या आहेत" या वाक्यावर कोणाला परवाना मिळत नाही आणि मिळूही नये. घराचे स्थान, पूर्वी झालेल्या घरफोडीचा किंवा धमकीचा पोलीस ठाण्यात नोंदलेला तपशील, रोख रक्कम अगर दागिने बाळगावे लागणारा व्यवसाय, रात्री एकटे राहण्याची परिस्थिती, यांपैकी जे खरे असेल ते कागदपत्रांसह आणि तारखांसह लिहावे. चौकशीला आलेल्या पोलीस कर्मचाऱ्याला शस्त्र ठेवण्याची नेमकी जागा दाखवता आली पाहिजे. अर्ज नाकारला गेल्यास कारणे लेखी मागावीत. आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत राज्य शासनाच्या गृह विभागाकडे अपील करता येते. परवाना "मिळवून देणाऱ्या" मध्यस्थांना दारातूनच परत पाठवावे. बनावट परवान्यावर घेतलेले शस्त्र आणि गावठी कट्टा यांत कायद्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही. विनापरवाना साधे शस्त्र बाळगण्याची शिक्षाही आता दोन ते पाच वर्षांची आहे, आणि कट्टा हातातच फुटतो ती गोष्ट निराळीच.

काय मिळते?

.३२ बोअर हा शब्द दोन वेगवेगळ्या काडतुसांसाठी वापरला जातो, आणि नवखा माणूस येथे हमखास गोंधळतो. रिव्हॉल्व्हरला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे कडा असलेले लांबट काडतूस लागते, तर पिस्तुलाला .३२ एसीपी. दुकानात काडतुसे घेताना नुसते "बत्तीसची द्या" असे न म्हणता पूर्ण नाव सांगावे आणि शस्त्राच्या नळीवर कोरलेल्या खुणेशी ताडून पाहावे. देशी काडतुसांपैकी पुष्कळशी पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली असतात आणि त्यांच्या बुडाशी के एफ अशी अक्षरे दिसतात.

रिव्हॉल्व्हरमध्ये कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्याचे सहा गोळ्यांचे मार्क थ्री हे जुने आणि सर्वांत परिचित. त्याची घडण ब्रिटिश वेब्लीवरून घेतलेली आहे. वरची खिट्टी दाबली की नळी पुढे झुकते आणि रिकामी काडतुसे एकदम वर येतात. २०१४ साली आलेले निर्भीक त्याच जातीचे, पण टायटॅनियम मिश्रधातूचे आणि सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे आहे. महिलांचे शस्त्र म्हणून त्याची जाहिरात झाली. २०२३ मध्ये आलेल्या प्रबळचे सिलिंडर, म्हणजे गोळ्यांची घरे असलेला फिरता भाग, बाजूला उघडते. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास, नळी ७६ मिमी. कानपूरचा कारखाना आता एडब्ल्यूईआयएल या सरकारी कंपनीकडे आहे. खासगी क्षेत्रात उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात वेब्ली अँड स्कॉटच्या नावाने .३२ ची रिव्हॉल्व्हर तयार होतात. पिस्तुलांत अशनी हे सरकारी कारखान्याचे .३२ बोअरचे शस्त्र आहे. निडर नावाचे .२२ बोअरचे छोटे रिव्हॉल्व्हरही मिळते. ते हलके आणि तुलनेने स्वस्त, पण .२२ च्या काडतुसात ठिणगीचा मसाला कडेत भरलेला असतो आणि असे काडतूस न पेटण्याची शक्यता अधिक असते. केवळ किमतीकडे पाहून ते घेऊ नये.

हलके शस्त्र सोपे, असा जो समज निर्भीकच्या जाहिरातीने पसरवला, तो निम्मा खरा आहे. हलके शस्त्र पर्समध्ये बाळगायला सोपे, झाडायला नव्हे. वजन कमी तितका हाताला बसणारा हिसका अधिक जाणवतो. घरात ठेवावयाचे शस्त्र दिवसभर अंगावर वागवायचे नसते, तेव्हा दोनशे ग्रॅम जास्त असले तर ते फायद्याचेच आहे.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

घरासाठी आणि पहिल्या शस्त्रासाठी मी रिव्हॉल्व्हरच्या बाजूने आहे. पिस्तुलात मॅगझिन (काडतुसांची पेटी) बसवणे, वरचा खटका म्हणजे स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडणे आणि सेफ्टी काढणे, या तीन क्रिया ठरलेल्या क्रमाने कराव्या लागतात. ज्याने महिनोन्महिने सराव केला नाही, त्याच्या हातून रात्री दोन वाजता झोपेतून उठल्यावर यांतली एखादी राहून जाते. बोटांत संधिवात असलेल्या किंवा नाजूक मनगटाच्या माणसाला स्लाइड ओढताच येत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस पेटले नाही तर चाप पुन्हा दाबताच पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलात तेच हाताने काढून टाकावे लागते.

अपघाताच्या दृष्टीने फरक याहून मोठा आहे. पिस्तुलाचे मॅगझिन काढले म्हणजे ते रिकामे झाले, असे समजणारी माणसे फार आहेत. एक काडतूस नळीच्या मागच्या कप्प्यात राहिलेले असू शकते आणि "रिकाम्या" पिस्तुलातून सुटलेल्या गोळ्यांचे पुष्कळसे प्रसंग येथूनच घडतात. रिव्हॉल्व्हर उघडले की सहाही घरे एका नजरेत दिसतात.

रिव्हॉल्व्हरची अडचण एकच आणि ती खरी आहे : चाप जड असतो. घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा भाग) आधी न चढवता थेट चाप ओढताना बोटाला बराच जोर लावावा लागतो, आणि त्या जोराने नळीचे तोंड खाली किंवा बाजूला वळते. घोडा अंगठ्याने आधी चढवून ठेवला तर चाप हलका होतो हे खरे, पण घाबरलेल्या माणसाच्या हातात चढवलेला घोडा असणे यापरते धोक्याचे काही नाही. घरच्या वापरासाठी जड चापाचीच सवय करावी. सरावानंतरही तो ओढवत नसेल आणि पिस्तुलाची स्लाइड मात्र सहज ओढता येत असेल, तरच पिस्तुलाकडे वळावे.

दुकानात शस्त्र हातात आल्यावर

विक्रेत्याकडे परवाना दाखवून शस्त्र पाहावे, आणि विक्रेत्याने ते उघडून रिकामे असल्याचे दाखवले तरी आपण पुन्हा उघडून पाहावे. यात कोणाचा अपमान होत नाही. मग शस्त्र हातात धरून तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोहोचते का आणि नळी मनगट-कोपराच्या रेषेत येते का, हे तपासावे. चापापर्यंत जाण्यासाठी पकड सरकवावी लागत असेल, तर ते शस्त्र आपले नव्हे.

यानंतर विक्रेत्याच्या परवानगीने, शक्यतो डमी काडतुसे घालून, भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्यावर माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) धरावी आणि घोडा न चढवता सावकाश चाप ओढावा. घोडा पडतो त्या क्षणी माशी ठिपक्यावर राहिली की उडाली, हे पाहावे. दहा-बारा वेळा ओढल्यावर बोट थरथरू लागले तर दुसरे शस्त्र मागावे. एकाच मॉडेलच्या दोन नगांच्या चापांतही देशी शस्त्रांत बराच फरक आढळतो, त्यामुळे कपाटातून पहिल्यांदा निघालेलाच नग घेण्याचे बंधन मानू नये.

पुढची परीक्षा यंत्राची. चाप पूर्ण ओढून तसाच धरून ठेवावा आणि दुसऱ्या हाताने सिलिंडर हलवून पाहावे. किंचित हालचाल चालते, खडखड चालत नाही. हे सहाही घरांवर करावे, कारण पाच घरे घट्ट आणि सहावे सैल असे होऊ शकते. सिलिंडर आणि नळी यांमधली फट उजेडाकडे धरून पाहिली असता बारीक आणि सर्व घरांवर सारखी दिसली पाहिजे. नळीच्या तोंडातून आत पाहताना मागच्या बाजूला पांढरा कागद धरला की आतल्या आट्या (पिळदार खाचा) स्पष्ट दिसतात. तेथे गंजाचे ठिपके किंवा फुगवटा असल्यास पुढे बोलणेच नको. शेवटी शस्त्राचा क्रमांक बिलावर आणि परवान्यावर एकच आहे याची अक्षरन्‌अक्षर खात्री करावी, आणि खरेदीनंतर ठरलेल्या मुदतीत शस्त्र परवाना शाखेत ते दाखवून नोंद करून घ्यावी.

जुनी विलायती शस्त्रे पाहून अनेकांचे मन हलते. आयात बंद असल्यामुळे एखाद्या जुन्या वॉल्थर पिस्तुलाची किंमत कित्येक लाखांत सांगितली जाते, पण पहिल्या शस्त्रासाठी इतके पैसे घालण्याचे कारण नाही. सुटे भाग मिळत नाहीत आणि कमानी (स्प्रिंग) थकलेल्या असतात. खासगी परवानाधारकाकडून जुने शस्त्र घ्यायचेच असेल, तर विकणाऱ्याने अधिकाऱ्यांना आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते, हे लक्षात असू द्यावे.

ठेवण्याची जागा आणि खाडीची हवा

उशीखाली, गादीखाली किंवा साड्यांच्या घडीत शस्त्र ठेवू नये. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने बसवलेली छोटी पोलादी तिजोरी घ्यावी. सुटी तिजोरी चोर उचलूनच नेतो. अंकांची कळ बोटांना अंधारात सापडेल अशी असावी, आणि तो अंक मुलांच्या जन्मतारखेचा नसावा. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवणे हे सर्वांत सुरक्षित. एकटे राहणाऱ्याला वेळ वाचवण्यासाठी एकाच तिजोरीत वेगळा खण करणे समजू शकते, पण घरात लहान मूल असेल तर कुलपे दोनच हवीत, मग चार सेकंद जास्त गेले तरी चालतील.

ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही खाडीकाठी आहेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथे कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते, तेथे पोलादाची काय कथा. शस्त्र चामड्याच्या म्यानात कधीही साठवून ठेवू नये. चामडे ओल धरते, आणि ते कमावताना वापरलेल्या क्षारांमुळे पोलादावर गंज व पितळी काडतुसांवर हिरवट थर चढतो. शस्त्र तेलाचा पुसट हात फिरवून सुती कापडात ठेवावे आणि तिजोरीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्या अधूनमधून बदलाव्यात. पावसाळ्यात दर पंधरवड्याला पुसावे. तेल काडतुसांना मात्र लावू नये, ते आत झिरपून मसाला निकामी करते.

सराव आणि कायद्याची मर्यादा

वर्षातून एकदाही न झाडलेले शस्त्र घरात ठेवण्यात अर्थ नाही. सराव नेमबाजीच्या अधिकृत रेंजवरच करावा. वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज या भागातल्या अनेकांना माहीत आहे. रेंजवर कानाला संरक्षण असते, घरात नसते. बंद काँक्रीटच्या खोलीत एक गोळी सुटली तरी काही काळ ऐकू येत नाही आणि नळीच्या तोंडाच्या झगमगाटाने डोळे दिपतात. म्हणून घरच्यांशी काय बोलायचे ते गोळीच्या आधीच बोललेले असले पाहिजे.

घरची योजना साधी असावी. आवाज आला की सर्वांनी ठरलेल्या एका खोलीत जमावे, दार लावावे, एकाने ११२ वर फोन करून पत्ता, मजला आणि घरात शस्त्र असल्याची माहिती द्यावी. परवानाधारकाने त्या खोलीच्या दारावर नजर ठेवून थांबावे. घरभर फिरून चोर शोधू नये. शस्त्राजवळ वेगळी टॉर्च असावी, कारण चेहरा दिसल्याशिवाय नेम धरायचाच नाही. उशिरा परतलेला मुलगा, मजला चुकलेला शेजारी आणि पाण्याची टाकी बघायला आलेला रखवालदार, हे तिघेही अंधारात चोरासारखेच दिसतात.

खासगी बचावाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मृत्यू किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती निर्माण करणारा हल्ला असेल, तर तो हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत पोहोचतो. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी अशा मोजक्या प्रसंगी तो तितका विस्तारतो. पण बचावासाठी आवश्यक असेल त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असताना हा हक्क मिळत नाही. भिंतीवरून उडी मारून पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणे बचावात बसवणे जवळजवळ अशक्य आहे. वाहन लावण्याच्या भांडणात शस्त्र नुसते दाखवले तरी परवाना धोक्यात येतो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. लग्नात किंवा विजयोत्सवात हवेत गोळी झाडणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे.

नंतरची कागदपत्रे

घर बदलले की परवान्यावरचा पत्ता बदलून घ्यावा. विटाव्यातून शेजारच्या दिघ्यात राहायला गेले तरी ठाण्याचे आयुक्तालय संपून नवी मुंबईचे सुरू होते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या पुरेसा आधी करावा. काडतुसे परवान्यात लिहिलेल्या संख्येच्या आतच घ्यावीत आणि प्रत्येक खरेदीचे बिल जपावे. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश हाती आला, तर ते रिकामे करून, परवान्याच्या प्रतीसह स्वतः पोलीस ठाण्यात नेऊन द्यावे. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि शस्त्राची स्थिती लिहून घ्यावी, आणि परत मिळाल्यावर तेथेच उभे राहून ते उघडून, नळीतून आरपार पाहून मगच सही करावी.